सृष्टी, पाप, श्रद्धा आणि विज्ञानाचे पुस्तक: कॅथलिक घरात मुलांना कसे शिकवावे

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2' या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. साधारण त्याच वयात अनेक धर्मग्रामांत (एका चर्चच्या क्षेत्रांत) मुले दृढीकरण संस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा पक्की करणाऱ्या विधीच्या, तयारीला लागलेली असतात. आठवडाभर जीवाश्म, अवशेषांगे (शरीरातले उपयोग संपलेले अवयव) आणि डार्विन, रविवारी आदाम, हव्वा आणि सर्प. या दोन वर्गांची गाठ घालून देणारे कोणी भेटले नाही तर मूल आपला आपण निकाल लावते. तो बहुधा असा असतो: शाळेतले खरे, चर्चमधले लहानपणापुरते.

हे टाळायचे काम दहावीत हाती घेऊन भागत नाही. ते चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू होते आणि त्याचा नियम एकच आहे. पाच वर्षांच्या मुलाला जे सांगाल, ते पंधराव्या वर्षी मागे घ्यावे लागता कामा नये. कमी सांगा, सोपे सांगा, पण पुढे मोडून काढावे लागेल असे काही सांगू नका. आईवडील असोत की धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक, पुढची सगळी कृती या नियमाला धरून आहे.

आधी मोठ्यांनी पक्के करायचे

ख्रिस्तसभा नेमके काय शिकवते हे अनेक मोठ्यांनाच नीट माहीत नसते, आणि गोंधळ तिथून मुलांकडे जातो. चार गोष्टी वर्ग घेण्यापूर्वी स्पष्ट करून घ्या.

पहिली: उत्पत्तीच्या (बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या) पहिल्या अध्यायातले सहा दिवस हे घड्याळाचे दिवस मानण्याचे बंधन कॅथलिकांवर नाही. 1992 च्या अधिकृत कॅटेकिझमचा (ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या ग्रंथाचा) परिच्छेद 337 सांगतो की निर्मितीचे काम तिथे सहा दिवसांच्या प्रतीकातून मांडले आहे. ही डार्विननंतरची पळवाटही नव्हे. संत ऑगस्टिनने पाचव्या शतकातच हे दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे नसावेत असे लिहिले. आकाश आणि ताऱ्यांविषयी ख्रिस्ती माणसाने बायबलचा हवाला देऊन अडाणी विधाने केली तर ऐकणारा त्याचे पुनरुत्थानाविषयीचे बोलणे तरी का मानील, असा इशाराही त्यानेच दिला.

दुसरी: उत्क्रांतीचा अभ्यास करायला मनाई नाही. पोप बारावे पायस यांनी 1950 मध्ये मानवी शरीराचा उगम आधीच्या सजीवांतून झाला का, हा प्रश्न संशोधनासाठी खुला ठेवला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 22 ऑक्टोबर 1996 रोजी उत्क्रांतिवाद हा केवळ एक तर्क राहिलेला नाही असे म्हटले.

तिसरी: आत्मा मात्र आईवडिलांपासून येत नाही, तो प्रत्येक माणसाला थेट देवाकडून मिळतो (परिच्छेद 366). इथे ख्रिस्तसभा ठाम आहे.

चौथी, आणि हीच सर्वाधिक विसरली जाते: उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाची, म्हणजे आदाम, हव्वा आणि सर्पाच्या वृत्तांताची, भाषा अलंकारिक आहे, पण मानवी इतिहासाच्या आरंभी घडलेली एक खरी घटना तो सांगतो (परिच्छेद 390). 'ती नुसती गोष्ट आहे' म्हणून सोडून दिले की स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) कशासाठी आणि तारणारा कशापासून, या प्रश्नांना उत्तर उरत नाही.

पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे असे सांगणारे व्हिडिओ मुलांच्या फोनवर येतात. ती मोजणी कॅथलिक शिकवण नाही. अशा मोजणीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सतराव्या शतकातले आहे. आयर्लंडमधल्या जेम्स अशर या अँग्लिकन (म्हणजे कॅथलिक नसलेल्या) आर्चबिशपने ख्रिस्तपूर्व 4004 हे निर्मितीचे वर्ष काढले होते. मुलाला हे रागावून नव्हे, माहिती म्हणून सांगा.

'कसे' आणि 'कशासाठी'

चर्चची घंटा वाजली की सहा-सात वर्षांच्या मुलाला विचारा, "घंटा का वाजली?" एक उत्तर असे: दोर ओढला, आतला लोलक कडेवर आदळला, धातू थरथरला, हवेतून लहरी कानापर्यंत आल्या. दुसरे असे: मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) वेळ झाली म्हणून. दोन्ही उत्तरे पूर्ण खरी. पहिले कितीही बारकाईने दिले तरी दुसरे त्यात सापडत नाही, आणि दुसरे कळले म्हणून पहिले शोधायचे थांबत नाही. हा खेळ महिनाभर वेगवेगळ्या गोष्टींवर खेळा: पाऊस, वाढदिवसाचा केक, आजीचे औषध. मुलाला दोन प्रकारचे प्रश्न वेगळे ओळखता येऊ लागले की पाया झाला.

मात्र या खेळातून एक चुकीची समजूत निघू शकते, की देवाकडे फक्त 'कशासाठी'चे खाते आहे आणि बाकी जग आपोआप चालते. ख्रिस्तसभा तसे मानत नाही. सृष्टी एकदा सुरू करून देव बाजूला झालेला नाही. ती प्रत्येक क्षणी त्याच्यामुळेच असते, आणि तो निसर्गाच्या कारणांमधून काम करतो. म्हणून 'हे देवाने केले की निसर्गाने?' असा प्रश्न आला तर एक बाजू निवडू नका. "देवाने, निसर्गाकरवी," एवढे उत्तर पुरते.

चार ते सहा वर्षे

या वयात तीनच वाक्ये रुजवायची. सगळे देवाने निर्माण केले. ते चांगले आहे. तू त्याला हवा आहेस, हवी आहेस. उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचून दाखवा, 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' हे धृपद मुलाला म्हणू द्या, पण बाहेर येऊन 'देवाला सगळे करायला सहा दिवस लागले' असे स्वतःच्या तोंडून सांगू नका. बायबलचे वाक्य बायबलच्या तोंडी राहू द्या.

सोबत मूग रुजवा. बशीत ओला कापूस, त्यावर आठ-दहा दाणे. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. कापूस ओलसर हवा, पाणी साचले तर दाणे कुजतात. कोंब आल्यावर दोन गोष्टी लागोपाठ बोला: दाण्याने पाणी प्यायले, तो फुगला, साल फुटली, आणि देवा, या कोंबाबद्दल तुझे आभार. 'रात्री देवाने येऊन कोंब काढला' असे म्हणू नका. पुढे शाळेत बीजांकुरण शिकताना मूल ते वाक्य खोडेल, आणि त्याबरोबर आणखी काय काय खोडेल हे आपल्या हाती राहत नाही.

डायनोसॉर याच वयात येतात. "ते माणसांच्या फार फार आधी होते, तेही देवाचेच." बस. नोहाच्या तारवात त्यांना बसवण्याच्या फंदात पडू नका.

उत्पत्ती 1 आणि 2: सहा कार्डांचा पाठ

नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हा पाठ सगळ्यांत मोलाचा आहे. वेळ 45 मिनिटे. प्रत्येक चार मुलांमागे सहा कार्डे, एक बायबल, एक वही.

उत्पत्ती 1:1 ते 2:3 मोठ्याने वाचा. प्रत्येक दिवशी काय निर्माण झाले ते मुलांना कार्डावर लिहू द्या. मग पहिली तीन कार्डे डाव्या रांगेत आणि पुढची तीन उजव्या रांगेत, शेजारी-शेजारी ठेवायला सांगा. पहिल्या दिवशी प्रकाश आणि अंधार. त्याच्या शेजारी चौथा: सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी आकाश आणि जल. शेजारी पाचवा: पक्षी आणि जलचर. तिसऱ्या दिवशी जमीन आणि वनस्पती. शेजारी सहावा: जनावरे आणि माणूस. डावीकडे देव जागा वेगळ्या करतो, उजवीकडे त्या भरतो. ही मांडणी मुलांना आपणहून दिसू द्या. दोन-तीन मिनिटे शांतता पडली तरी चालेल.

कुणीतरी विचारेलच: सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिल्या दिवशी प्रकाश कुठून? या मुलाला शाबासकी द्या. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने हाच प्रश्न विचारला होता. आता उलट विचारा: दिवसाचा प्रकाश सूर्यापासून येतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते का? होते. मग त्याने हा क्रम का ठेवला? सूर्य-चंद्राची नावेही तो घेत नाही, नुसते 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' म्हणतो. हा अध्याय यहुदी लोकांच्या बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळाशी बरेच अभ्यासक जोडतात. तिथे शमाश हा सूर्यदेव आणि सिन हा चंद्रदेव होता. सूर्य देव नाही, देवाने टांगलेला दिवा आहे, हे त्या बंदिवान लोकांना सांगायचे होते. (सूर्याला अर्घ्य देणारे शेजारी आणि वर्गमित्र आपल्याकडे घरोघरी असतात. हा मुद्दा त्यांच्या चेष्टेचे साधन होणार नाही एवढे शिक्षकाने पाहावे. बाबिलोन बाबिलोनमध्येच ठेवा.)

मग दुसरा अध्याय, चौथ्या ओवीपासून. इथे मातीपासून माणूस आधी, बाग नंतर, मग प्राणी, शेवटी स्त्री. क्रम वेगळा का? दोन्ही वृत्तांत जवळजवळ ठेवणाऱ्यांना हा फरक दिसत होताच. त्यांना वेळापत्रक द्यायचे असते तर त्यांनी एकच ठेवला असता.

पाठ दोन ठिकाणी बिघडतो. शिक्षक उतावीळपणे उत्तर आधी सांगून टाकतो. मग मुलांना ते फक्त पाठ होते. किंवा पाठ 'म्हणजे असे काही झालेच नाही' या वाक्यावर संपतो, आणि मूल तेवढेच घरी नेते. म्हणून शेवटची दहा मिनिटे राखून ठेवा आणि बायबल इथे कोणती सत्ये सांगते ते वहीत लिहून घ्या: देव एकच, तो जगाचा भाग नाही, जग त्याच्यामुळे आहे, निर्माण केलेले सगळे चांगले, स्त्री आणि पुरुष दोघेही देवाच्या प्रतिरूपात, विसाव्याचा दिवस पवित्र. सूर्याच्या उपासनेत वाढलेल्या जगात ही विधाने धक्कादायक होती हे मुलांना कळले पाहिजे.

आणखी एक सापळा पुष्कळ जणांना सोयीचा वाटतो: 'बायबलचा एक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षे.' हे उत्तर देऊ नका. वनस्पती तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी, पक्षी पाचव्या दिवशी आणि जमिनीवरचे प्राणी सहाव्या दिवशी. जीवाश्मांचा क्रम याच्याशी जुळत नाही. पक्षी जमिनीवरच्या प्राण्यांमधूनच पुढे आले. नववी-दहावीचे हुशार मूल हे पाच मिनिटांत पकडते.

काळाची दोरी

वर्गाच्या पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात किंवा शाळेच्या व्हरांड्यात 14 मीटर सुतळी आणा. 13 मीटर 80 सेंटिमीटरवर गाठ मारा. एक मीटर म्हणजे 100 कोटी वर्षे, एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी, एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख. एक टोक विश्वाचा आरंभ, दुसरे टोक आज. सगळी मापे आजच्या टोकापासून घ्या. काही मुले एका टोकाकडून आणि काही दुसऱ्याकडून मोजतात आणि सगळा घोळ होतो. नायलॉनची दोरी ताणते, ती नको. सुतळी जमिनीवर पसरल्यावरच चिठ्ठ्या अडकवा.

पृथ्वी 4 मीटर 54 सेंटिमीटरवर येते. सजीवांच्या जुन्या खुणा साधारण साडेतीन मीटरवर. डायनोसॉरचा शेवट 6.6 सेंटिमीटरवर, आणि सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला तोही त्याच चिठ्ठीच्या आसपास. मुले रोज ज्या दगडावर खेळतात तो इथे बसतो हे त्यांना फार आवडते. आपली मानवजात, सुमारे तीन लाख वर्षे, ही शेवटच्या मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. येशूचा जन्म मिलिमीटरच्या पाचशेव्या भागावर. चिठ्ठी लावायला जागाच नाही.

इथे मुले गप्प होतात किंवा एखादे म्हणते, "मग आपण काहीच नाही." तेव्हा आठवे स्तोत्र उघडा. चंद्र-तारे पाहून हाच प्रश्न तिथे विचारलेला आहे: मनुष्य तो काय, की तू त्याची आठवण करावी? दोरीवरची जागा किती मोठी यावरून मोल ठरत नाही, हे वाचून झाल्यावर मुलांशी बोला.

पाप: सात ते नऊ वर्षे

सात वर्षे पूर्ण झाली की मुलाला बरे-वाईट समजते असे कॅनन कायदा (ख्रिस्तसभेचा कायदा) गृहीत धरतो. पहिल्या कम्युनियनआधी (मिस्सात पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याआधी) पहिले पापनिवेदन, म्हणजे फादरांना पापे सांगून क्षमा मागणे, असते, आणि बहुतेक मुलांना पापाची ओळख एखादी यादी पाठ करताना होते. सुरुवात यादीने करू नका. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला आधी वाचा, आज्ञा नंतर. वाट पाहणारा बाप डोळ्यांसमोर आला तरच पाप म्हणजे नियम मोडणे नव्हे, नाते मोडणे, हे मुलाला समजते.

मग बारा चिठ्ठ्या तयार करा आणि मुलांना तीन ढीग करायला सांगा: चूक किंवा अपघात, मोह, पाप. काही नमुने: हातून काचेचा पेला निसटला. भावाला मारावेसे वाटले, पण मारले नाही. ताप होता म्हणून रविवारची मिस्सा चुकली. बाबांचा फोन न विचारता घेतला आणि विचारल्यावर नाही म्हटले. वर्गात एकाला सगळे चिडवत होते, मीही हसलो. गृहपाठ विसरला. उत्तरपत्रिका बघून लिहिली. वाईट स्वप्न पडले. फोनच्या चिठ्ठीत दोन गोष्टी आहेत आणि खोटे बोलणे त्यातले दुसरे, हे मुलांनी शोधू द्या. चिडवणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वाद होतो. तो होऊ द्या, कारण पाप फक्त केलेल्या गोष्टींत नसते, साथ देण्यातही असते.

मोह म्हणजे पाप नव्हे, हे तीनदा तरी सांगा. गंभीर पापाला तिन्ही अटी एकत्र लागतात: गोष्ट गंभीर असणे, ती तशी आहे हे पुरते माहीत असणे, आणि स्वतःहून, मोकळेपणे ती करणे. आठ वर्षांच्या मुलाचे बहुतेक दोष या तिन्हींत बसत नाहीत. त्याला हे न सांगता नरकाची चित्रे दाखवणे हा अन्याय आहे.

विज्ञानाचा संबंध इथे सृष्टीइतकाच येतो आणि तिकडे फार कमी लक्ष जाते. कॅटेकिझमच्या परिच्छेद 1735 नुसार अज्ञान, भीती, सवय आणि मानसिक किंवा सामाजिक कारणे माणसाची जबाबदारी कमी करू शकतात. एडीएचडी (लक्ष टिकवण्यात अडचण आणि अतिचंचलता) असलेले मूल मिस्सात स्थिर बसू शकत नाही, ते पाप नाही. झोपेत अंथरूण ओले करणे पाप नाही. तोतरे बोलणे, वाचताना अक्षरे उलटसुलट दिसणे, अचानक घाबरणे, यांतले काहीही पापनिवेदनाच्या यादीत येता कामा नये. अशा मुलाला डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे नेणे हे प्रार्थनेच्या विरोधात नाही.

सर्वांत घातक वाक्य आपल्या घरांत सहज बोलले जाते: 'बघ, देवाने शिक्षा केली.' खेळताना गुडघा फुटला, आजोबा आजारी पडले, पुरात घर गेले, आणि कुणाचे तरी पाप शोधले जाते. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य येशूला हेच विचारतात, हा जन्मतः आंधळा कोणाच्या पापामुळे? येशू सांगतो, ना याच्या, ना याच्या आईबापांच्या. हा उतारा मुलांना पाठच असावा.

पापनिवेदनाची तयारी रिकाम्या चर्चमध्ये, दिवसाउजेडी करा. पापनिवेदनाची पेटी, म्हणजे ती छोटी बंदिस्त जागा, आत-बाहेरून दाखवा. फादर कुठे बसतात, मूल कुठे गुडघे टेकेल, समोरासमोर बसायचे असेल तर कसे, हे एकदा करून बघा. क्रम चार पायऱ्यांचा: क्रूसाची खूण, केलेली पापे, पश्चात्तापाची प्रार्थना, फादरांनी दिलेले प्रायश्चित्त नंतर पूर्ण करणे. प्रार्थना विसरली तर स्वतःच्या शब्दांत 'देवा, मला वाईट वाटतं, क्षमा कर' म्हटले तरी चालते, हे आधीच सांगून ठेवा. निम्मी भीती तिथेच जाते. फादर ऐकलेले कुणालाही, आईबाबांनाही, सांगू शकत नाहीत, हेही सांगा. आणि मग तुम्हीही विचारू नका. 'काय सांगितलंस आत?' या एका प्रश्नाने मूल पुढच्या वेळी खोटे सांगायला शिकते.

घेतलेली वस्तू परत करणे, मोडलेली दुरुस्त करणे, चिडवलेल्या मित्राशी बोलणे, हा भरपाईचा भाग घरच्यांनी हाताशी धरून करून घ्यावा. आणि एखादे मूल पुन्हा पुन्हा तेच पाप सांगायला जात असेल, क्षमा मिळाली की नाही या शंकेने झोपत नसेल, तर त्याला आणखी याद्या देऊ नका. एकाच फादरांकडे नेत राहा आणि त्यांचा शब्द शेवटचा माना. त्रास आठवडे टिकला तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.

मूळ पाप

हे दहाव्या वर्षाच्या आत खोलात शिरून शिकवू नका. नंतर उत्पत्तीचा तिसरा अध्याय पाच आवाजांत वाचा: निवेदक, सर्प, स्त्री, पुरुष, देव. तीन ठिकाणी थांबा. सर्प 'तुम्ही देवासारखे व्हाल' म्हणतो तिथे: त्याने देवाबद्दल कोणता संशय पेरला? दोघे झाडांमध्ये लपतात तिथे: लपावेसे का वाटले? आणि पुरुष स्त्रीकडे, स्त्री सर्पाकडे बोट दाखवते तिथे: हे आपल्या घरी कधी होते? तिसऱ्या प्रश्नावर मुले आपणहून बोलतात. फळ सफरचंद होते असे बायबल कुठेही म्हणत नाही. फळ्यावर सफरचंद काढू नका. आणि वाचन 3:24 ला तोडून निघून जाऊ नका. 3:21 वर परत या: बाहेर काढण्याआधी देव त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून घालतो.

साप बोलतो कसा, हा प्रश्न आला तर सरळ सांगा की ही चित्रांची भाषा आहे. त्याच वाक्यात पुढचेही सांगा: चित्रातून सांगितलेली गोष्ट खरी घडलेली आहे. माणूस देवाला 'हो' म्हणू शकत होता आणि तो 'नाही' म्हणाला.

'बाळ पापी जन्मते' हे वाक्य टाळा. मूळ पाप ही बाळाने केलेली कृती नाही, ती एक अवस्था आहे. परिच्छेद 404 तसेच म्हणतो. पहिल्या माणसांनी देवाशी असलेली मैत्री मोडली, म्हणून ती कृपा नसलेला मनुष्यस्वभाव पुढे आला. तो जखमी आहे, पूर्ण नासलेला नाही. दहावीचे मूल लगेच विचारते, हे जनुकांतून येते का? नाही. डीएनएमध्ये ते शोधायचे नाही. मानवजात एक आहे आणि ते मनुष्यस्वभावाबरोबर येते एवढे ख्रिस्तसभा सांगते, आणि ते कसे, हे आपल्याला पुरते उलगडत नाही असेही सांगते. स्नानसंस्काराने कृपा परत मिळते, पण वाईटाकडे असलेला कल उरतो. 'मग बाप्तिस्मा झालेली माझी बहीण एवढी भांडकुदळ का?' याचे उत्तर तिथे आहे.

दहा वर्षांवरच्या मुलांना पुण्य शनिवारच्या (ईस्टरच्या आदल्या दिवसाच्या) रात्रीच्या विधीला जागे ठेवून न्या. त्या रात्री पहिले वाचन उत्पत्ती 1 चे असते, आणि पास्का (ईस्टरच्या) मेणबत्तीसमोर गायल्या जाणाऱ्या स्तुतिगीतात आदामाच्या अपराधाला 'धन्य' म्हटले आहे, कारण त्यामुळे असा तारणारा लाभला. मूळ पाप शिकवायची खरी जागा ती आहे, ख्रिस्ताच्या उजेडात.

दहावीचे प्रश्न

'माणूस माकडापासून झाला का?' आजच्या माकडापासून नाही. आपले आणि त्यांचे पूर्वज एक होते, असे विज्ञान सांगते. शरीराचा हा प्रवास देवाच्या निर्मितीचाच भाग मानायला हरकत नाही. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावताना 'तू माती आहेस' हे आपण दरवर्षी ऐकतोच. शरीर मातीचे आहे हे मान्य करण्यात आपला अपमान नाही. 'उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे' हे उत्तर कधीही देऊ नका. विज्ञानात थिअरी म्हणजे पुराव्यांनी बांधलेली मांडणी, आणि विज्ञानाच्या बाई ते त्याच आठवड्यात शिकवणार आहेत.

'पापामुळे मृत्यू आला, मग डायनोसॉर आधी कसे मेले?' तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनासने लिहून ठेवले आहे की माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. सिंह आधीही शिकारच करत असते. पापाचा आणि मृत्यूचा संबंध बायबल माणसाविषयी सांगते.

'पहिली माणसे दोनच होती का?' हा खरोखर कठीण प्रश्न आहे. आपले पूर्वज एका वेळी हजारोंच्या संख्येने होते असे जनुकशास्त्र दाखवते. 1950 मध्ये पोप पायस यांना अनेक आदिमानव-जोडप्यांची कल्पना मूळ पापाच्या शिकवणीशी कशी जुळेल हे दिसत नव्हते. 2004 मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान (धर्मशास्त्र) आयोगाने आफ्रिकेतल्या एका समूहातून मानवजात आली हे विज्ञानाचे म्हणणे पटण्यासारखे असल्याचे लिहिले. ईशज्ञानी यावर काम करत आहेत. ठाम काय आहे ते सांगा: मानवजात एक, आत्मा देवाकडून, पतन खरे. बाकी चर्चा चालू आहे असे सांगितले तर मुलाचा विश्वास कमी होत नाही, तुमच्यावरचा वाढतो.

'सगळे योगायोगाने झाले तर देव कुठे?' दोन नाणी 40 वेळा उडवायला सांगा: छाप-छाप, मिश्र, काटा-काटा. साधारण 10, 20, 10 येतात, तंतोतंत क्वचितच. वाटाण्याच्या दुसऱ्या पिढीचे मेंडेलचे 3:1 हे प्रमाण याच गणितातून निघते (पहिले दोन मिळून 30, उरले 10). प्रत्येक फेक अनिश्चित, तरी एकूण रचना दिसते. योगायोग खरा असूनही तो देवाच्या योजनेबाहेर नसतो, असे त्याच आयोगाने म्हटले आहे. ग्रेगोर मेंडेल हा ब्रनो इथल्या मठातला ऑगस्टिनियन धर्मगुरू होता. त्याचा निबंध 1866 मध्ये छापून आला.

श्रद्धा म्हणजे काय नव्हे

श्रद्धा म्हणजे पुरावा नसताना मानणे, अशी व्याख्या मुले शाळेतून किंवा मोबाइलवरून घेऊन येतात. कॅथलिक शिकवण वेगळी आहे: देवाचे अस्तित्व बुद्धीला उमगू शकते, आणि श्रद्धा म्हणजे स्वतःला प्रकट करणाऱ्या त्या देवावर टाकलेला भरवसा. तेव्हा अभ्यासात जिथे विज्ञान थांबले तिथे देव घुसवू नका. 'महास्फोटाआधी काय होते? देव!' असे सांगितले आणि उद्या कुणी त्याआधीचा सिद्धांत मांडला तर? विस्तारणाऱ्या विश्वाचा शोधनिबंध 1927 मध्ये लिहिणारे आणि 1931 मध्ये 'आदिअणू'ची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः बेल्जियन धर्मगुरू होते, आणि आपल्या सिद्धांताला निर्मितीचा पुरावा म्हणणे त्यांना मान्य नव्हते. सप्टेंबर 2025 पासून व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक असलेले फादर रिचर्ड डिसोझा हे जेझुइट (येशूसंघ या धर्मसंघाचे) असून गोवा प्रांताचे आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकले. मुलांना हे नाव जरूर सांगा, पण शास्त्रज्ञ धर्मगुरूंची यादी पाठ करून घेऊ नका. तेवढ्याने शंका मिटत नाहीत.

गॅलिलिओ येणारच. 1633 च्या खटल्यात ख्रिस्तसभेच्या न्यायाधीशांचे चुकले. 31 ऑक्टोबर 1992 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती चूक जाहीरपणे मान्य केली. सारवासारव करू नका.

ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही तो मुलासमोरच वहीत लिहा, तारखेसह. श्रद्धेचा असेल तर फादर किंवा सिस्टरांकडे, विज्ञानाचा असेल तर शाळेतल्या शिक्षकांकडे न्या; मुलाला सोबत नेता आले तर उत्तम. पुढच्या रविवारच्या आत काहीतरी घेऊन परत या, उत्तर अर्धे असले तरी. आणि मूल 'मला हे पटत नाही' म्हणाले तर आवाज चढवू नका, प्रार्थना बंद करू नका, मिस्साला बरोबर नेत राहा. अडचणी असणे आणि श्रद्धा सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत; संत जॉन हेन्री न्यूमन म्हणतात तसे, दहा हजार अडचणी मिळूनही एक संशय होत नाही.